रिकामी चौकट कोणी काढायची?

पडद्यावरची शाळा : भाग 7

दहावीची कुठलीही कृतिपत्रिका उघडा. ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’, ‘ओघतक्ता पूर्ण करा’, ‘आकृती पूर्ण करा’ असे प्रश्न मराठीपासून इतिहासापर्यंत भेटतात. मधोमध एक गोल, त्यातून निघालेल्या चार रेघा आणि रेघांच्या टोकांना चार रिकाम्या चौकटी. मुलं उताऱ्यातून शब्द शोधतात, चौकटी भरतात, गुण मिळवतात. पण या प्रश्नातला अवघड भाग प्रश्न काढणाऱ्यानंच उरकलेला असतो. चौकटी चार हव्यात की पाच, कशाचा कशाशी संबंध आहे, बाण कुठून निघून कुठे पोचतो, हे सगळं त्यानं ठरवलेलं असतं. मुलाच्या वाट्याला येते ती फक्त भरणी.

ऑनलाइन वर्गातला फळा आणि आकृत्या काढण्याची साधनं यांच्याकडे मी मोठ्या आशेनं पाहतो, ते याच कारणानं. चौकट काढण्याचं काम ती मुलांच्या हाती देऊ शकतात. आज बहुतेक ठिकाणी हाच फळा शिक्षकांच्या स्लाइड दाखवण्यापुरता वापरला जातो, आणि मग तो नसता तरी फारसं बिघडलं नसतं. मागच्या भागात आपण वर्गातल्या आवाजाची व्यवस्था लावली. या भागात फळा. उदाहरणं आंबेगाव तालुक्यातली, त्यातही महाळुंगे पडवळची घेतो. या गावात ऑनलाइन फळ्यासाठी दोन अस्सल धडे तयार पडलेले आहेत.

आधी हा फळा असतो कुठे आणि चालतो कसा, ते पाहू. मूडल हे मोफत, मुक्त स्रोत अध्ययन-व्यासपीठ अनेक महाविद्यालयं आणि संस्था वापरतात. 2022 साली आलेल्या मूडल 4.0 पासून बिगब्लूबटन हा थेट वर्ग भरवण्याचा कार्यक्रम त्याचाच भाग झाला. बिगब्लूबटनची सुरुवात कॅनडातल्या ओटावा इथल्या कार्लटन विद्यापीठात 2007 साली झाली. तो शिकवण्यासाठीच बांधलेला असल्यामुळे त्यात फळा पडद्याच्या मधोमध असतो आणि माणसांचे चेहरे कडेला. सभांसाठी बनवलेल्या कार्यक्रमांत बहुतेकदा याच्या उलट असतं. माझ्या मते शाळेसाठी साधन निवडताना पहिली पारख हीच करावी.

या फळ्यावर पेन्सिल आहे, चौकोन-वर्तुळ-बाण आहेत, मजकूर टंकता येतो, चुकलेलं मागे घेता येतं. सुरुवातीला खडू एकट्या सादरकर्त्याच्या, म्हणजे शिक्षकांच्या हाती असतो. एक बटण दाबलं की तो सगळ्यांच्या हाती जातो. नावानिशी निवडून एका-दोघांनाही देता येतो. ज्याच्या हाती खडू, त्याचं नाव त्याच्या कर्सरशेजारी फळ्यावर फिरताना दिसतं. मुलांना याचं अप्रूप असतं. पहिल्यांदा खडू हाती आला की सगळी एकदम गिरगटतात. ती दोन मिनिटं त्यांना द्यावीत, त्यासाठी एक कोरं पान वेगळं ठेवावं. हौस फिटली की पुढचा वर्ग शांतपणे होतो.

आता आपल्या डोंगरपट्ट्यातल्या शिक्षकांच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डिंभे धरणाच्या वर, आहुपे आणि भीमाशंकरच्या बाजूला, रेंज येते-जाते. तिथे व्हिडिओचा वर्ग अडखळतो, फळा मात्र बराच काळ तग धरतो. त्याचं कारण फळ्यावरची रेघ ज्या रीतीनं पोचते त्यात आहे. तुम्ही पेन्सिलीनं रेघ ओढता तेव्हा पडद्याचं चित्र पाठवलं जात नाही. रेघ कुठून सुरू झाली, कोणकोणत्या बिंदूंवरून गेली, रंग कोणता, जाडी किती, एवढे आकडे जातात. पलीकडच्या मोबाइलला ते आकडे मिळाले की तो स्वतः रेघ काढून दाखवतो. शंभर बिंदूंची रेघ काही किलोबाइटमध्ये मावते. याउलट सेकंदाला 500 किलोबिटनं चालणारा साधा व्हिडिओ मिनिटाला जवळजवळ पावणेचार मेगाबाइट खातो. शिक्षकांनी आपला कॅमेरा बंद करून आवाज आणि फळा एवढंच ठेवलं, तर त्याच रेंजमध्ये वर्ग पुरा होण्याची शक्यता कितीतरी वाढते. आवाजाला सेकंदाला 40-50 किलोबिट पुरतात.

याचाच दुसरा फायदा म्हणजे तास नोंदवून ठेवला, तर बिगब्लूबटनच्या नेहमीच्या पद्धतीत फळ्याचा व्हिडिओ साठत नाही. कोणती रेघ कितव्या सेकंदाला उमटली, याची नोंद साठते. त्यामुळे नंतर पाहतानाही रेघा स्वच्छ दिसतात, अक्षरं पुसट होत नाहीत.

चेहऱ्यावाचून शिकवणं होतं का, ही शंका रास्त आहे. खान अकॅडमीचे संस्थापक सलमान खान यांनी 2004 साली बोस्टनमधून न्यू ऑर्लिन्सला राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या बहिणीला गणित शिकवायला घेतलं, तेव्हा त्यांच्याजवळ फोन होता आणि याहूचा डूडल नावाचा सामायिक फळा होता. व्हिडिओ त्यांनी पुढे 2006 पासून टाकायला सुरुवात केली. जगभर पोचलेल्या खान अकॅडमीची सुरुवात अशी आवाज आणि फळा यांच्यावरच झाली.

आता पहिला धडा. महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचं गाव. 1908 साली जन्मलेला गरीब शेतकऱ्याघरचा हा मुलगा मुंबईला गिरणीत कामाला लागला आणि 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीला परदेशी कापड घेऊन निघालेल्या ट्रकपुढे आडवा झाला. ट्रक अंगावरून गेला. गावातल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट ठाऊक आहे, दरवर्षीच्या भाषणांतून पाठही आहे. म्हणूनच ती फळ्यासाठी योग्य आहे. गोष्ट माहीत असलेल्या मुलांना कारणांकडे वळवता येतं.

कोरा फळा घ्या. डावीकडे ‘मँचेस्टर’, उजवीकडे ‘मुंबई’, खाली ‘महाळुंगे पडवळ’ अशी तीन नावं लिहा आणि खडू तीन-चार मुलांच्या हाती द्या. पहिला प्रश्न एवढाच की कुठून काय कुठे गेलं, ते बाणानं दाखवा. कोणीतरी मँचेस्टरहून मुंबईला बाण काढेल आणि त्यावर ‘कापड’ लिहील. हा बाण सोपा आहे. कापड कशाचं, असं विचारलं की दुसरा बाण उलट दिशेनं निघतो, कापसाचा. आता महाळुंगे पडवळ एकटंच खाली पडलेलं आहे, त्याला काही जोडायचं की नाही? थोडा वेळ शांतता पसरते. घाई करू नका, ही शांतता फार मोलाची आहे. मग एखादी मुलगी गावाकडून मुंबईकडे बाण काढते आणि त्यावर लिहिते ‘माणसं’. तिच्या घरातलं कोणीतरी आजही मुंबईला असतं.

यानंतर खरी अडचण उभी राहते. बाबू गेनू स्वतः गिरणीत काम करत होते. मुंबईच्या गिरण्याही कापडच विणत होत्या. मग मुंबईची गिरणी या आकृतीत कुठे ठेवायची? ती परदेशी कापडाच्या बाजूची की समोरची? परदेशी कापडावरच्या बहिष्कारानं तिचा फायदा होणार होता की तोटा? तिथल्या कामगाराला काय मिळणार होतं? छापील ओघतक्त्यात हा प्रश्न येतच नाही, कारण तिथे गिरणीची चौकट कोणीतरी आधीच काढून ठेवलेली असते किंवा गाळलेली असते. इथे मुलांना ती ठेवायला जागा शोधावी लागते. एकजण ती मुंबईच्या आत काढतो, दुसरा पुसून बाहेर नेतो. मग दोघांनाही आवाज चालू करून सांगायला लावायचं, का? त्याच 1930 साली मार्च-एप्रिलमध्ये झालेली दांडीयात्रा कुठे जोडायची, हा पुढचा प्रश्न. मीठ आणि कापड यांना जोडणारी रेघ मुलं आपण होऊन काढतात, तेव्हा सविनय कायदेभंग हा धडा त्यांना निराळ्याच रीतीनं उमगतो.

तास संपेल तेव्हा ही आकृती वेडीवाकडी असेल. रेघा एकमेकींना छेदत असतील, एक शब्द दोनदा आला असेल. तिला सुंदर करण्याच्या फंदात पडू नका. तशीच जतन करा आणि पुढच्या तासाला तिथूनच सुरुवात करा. मोठा वर्ग असेल तर मुलांना गटखोल्यांत पाठवा, प्रत्येक गटाला वेगळा फळा मिळतो. गटखोल्या बंद करताना ते फळे मुख्य वर्गात आणून सगळ्यांसमोर ठेवता येतात. एकाच गोष्टीच्या चार गटांनी काढलेल्या चार आकृत्या शेजारी शेजारी पाहणं, हे प्रत्यक्ष वर्गातल्या एका फळ्यावर जमत नाही.

दुसरा धडा पाण्याचा, आणि त्याला साधनही दुसरं लागतं. फळा आणि आकृतीचं साधन यांत लोक गल्लत करतात. फळ्यावरची रेघ ही नुसती रेघ असते. चौकट हलवली तर तिच्याकडे आलेला हाताचा बाण जागच्या जागी राहतो. ड्रॉ डॉट आयओसारख्या आकृतीसाधनात बाण चौकटीला चिकटलेला असतो. चौकट पडद्याच्या दुसऱ्या टोकाला न्या, बाण मागोमाग येतो. संगणकाला ‘हे याला जोडलेलं आहे’ असं कळावं आणि हलवल्यावरही त्यानं ते नातं सांभाळावं, ही कल्पना आयव्हन सदरलंड यांनी 1963 साली एमआयटीत स्केचपॅड या कार्यक्रमात करून दाखवली होती. आज मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या साधनात तीच कल्पना आहे. ज्या विषयात माहिती हळूहळू वाढते आणि मांडणी पुन्हा पुन्हा बदलावी लागते, तिथे हे साधन घ्यावं.

कुकडी प्रकल्प हा असाच विषय. पाच धरणं आणि चार नद्या. कुकडी नदीवर माणिकडोह आणि येडगाव, आरेवर पिंपळगाव जोगे, मीनेवर वडज, घोडेवर डिंभे. डिंभ्याच्या साडेतेरा टीएमसीच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असं नाव आहे, म्हणजे पहिल्या धड्यातून दुसऱ्यात जायला वाट तयारच आहे. मुलांना पाच चौकटी धरणांच्या काढायला सांगा, चार रेघा नद्यांच्या. आतापर्यंत सोपं. कुकडी पुढे घोडेला मिळते, घोड भीमेला, हेही नकाशावरून सापडतं. उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे, बाणही तसेच.

मग सांगा की आता कालवे काढा. डिंभ्याचा डावा कालवा येडगावच्या जलाशयात जातो. पाच-सहा मिनिटांपूर्वी काढलेल्या आकृतीत हा बाण बसत नाही, कारण घोड नदीच्या रेघेवरची चौकट आणि कुकडी नदीच्या रेघेवरची चौकट यांच्यामध्ये मीना आडवी आली आहे. मुलं चौकटी सरकवतात, बाण मागोमाग येतात, मांडणी दोन-तीनदा मोडून पुन्हा जुळते. त्या सरकवासरकवीत त्यांच्या ध्यानात येतं की नदी जिथे नेत नाही तिथे कालवा पाणी नेतो. येडगावपासून पुढे डावा कालवा काढला की पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा ही नावं आकृतीत येतात आणि आकृती जिल्ह्याबाहेर पडते. घरी रोज कानावर पडणारा डिंभे-माणिकडोह बोगद्याचा वाद कशावरून आहे, ते आता मुलांना तुटक बाण काढून दाखवता येतं. पाणी कोणाचं, या प्रश्नाचं उत्तर शिक्षकांनी देऊ नये. पण बोगदा झाला तर कोणत्या चौकटीत पाणी वाढेल आणि कोणत्या चौकटीतून कमी होईल, हे मुलांनी स्वतःच्या आकृतीवर बोट ठेवून सांगितलं पाहिजे. गावातल्या सभेत बोलणाऱ्या मोठ्या माणसांनाही एवढं बोट ठेवता आलं, तर सभेचा वेळ वाचेल असं मला मनापासून वाटतं.

ड्रॉ डॉट आयओमध्ये आणखी एक सोय आहे, ती शिक्षकांनी जरूर वापरावी. आकृती चित्र म्हणून जतन करताना तिची मूळ प्रत त्याच चित्रात साठवण्याचा पर्याय मिळतो. मूल ते चित्र मूडलच्या असाइनमेंटमध्ये जोडतं, मोबाइलवर ते नेहमीच्या चित्रासारखं दिसतं. शिक्षकांनी ते पुन्हा साधनात उघडलं की चौकटी आणि बाण जिवंत होतात, दुरुस्ती करून परत पाठवता येतं. हे साधन संगणकावर उतरवून घेतलं तर इंटरनेटशिवायही चालतं. शाळेच्या संगणक खोलीत लाइन गेली नाही एवढंच पुरे.

मराठी अक्षरांचं काय, हे अनेकजण विचारतात. फळ्यावर युनिकोड मराठी टंकता येते, मोबाइलच्या मराठी कळफलकानंही. घोळ होतो तो जुन्या फाइलींचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात केलेल्या टिपणांचं दुसऱ्या संगणकावर गचाळ रोमन होतं. आणि युनिकोडमध्ये केलेली स्लाइड सरळ चढवली तरी सर्व्हरवर तो फाँट नसेल तर जोडाक्षरं मोडतात, ‘शिक्षण’मधला क्ष फुटलेला दिसतो. उपाय सोपा आहे. आपल्या संगणकावर आधी पीडीएफ करा, डोळ्यांखालून घाला, मग चढवा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार सोबत जातात.

हाताच्या अक्षराबद्दल मात्र आग्रह धरू नये. माउसनं देवनागरी लिहिणं भल्याभल्यांना जमत नाही. शिरोरेघ सरळ येत नाही, मात्रा भरकटते. शब्द टंकावेत, रेघा आणि बाण हातानं काढावेत. गणिताच्या शिक्षकांना मात्र हातानं लिहिल्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी एक साधी पेन-टॅबलेट घ्यावी. तीही नसेल तर मोबाइल उंचावर बांधून कॅमेऱ्याखाली पाटी किंवा वही ठेवावी. 2020 च्या टाळेबंदीत खुर्चीला, बरणीला, नळाच्या तुकड्याला मोबाइल बांधून शिक्षकांनी वर्ग घेतले. ती युक्ती आजही तितकीच उपयोगाची आहे, फक्त तिथे खडू मुलांच्या हाती जात नाही, एवढं ध्यानात असू द्या.

मुलं मोबाइलवर असतात आणि मोबाइलचा पडदा वीतभर. म्हणून एका वेळी तिघा-चौघांच्या हातीच खडू द्यावा, चौकटी मोठ्या काढाव्यात आणि एका पानावर सात-आठांहून जास्त होऊ देऊ नयेत. आणि काढताना बोलत राहावं. ‘मी आता इथून असा बाण काढला’ एवढं म्हणून भागत नाही. ‘डिंभ्यापासून येडगावपर्यंत बाण काढला, त्यावर डावा कालवा असं लिहिलं’ असं पूर्ण वाक्य बोलावं. वर्गात एखादं मूल दृष्टिहीन असेल, एखाद्याची रेंज गेल्यामुळे फक्त आवाज पोचत असेल, एखादं मूल मोठ्या भावाच्या मोबाइलवर कानात इअरफोन घालून बसलं असेल. त्यांनाही आकृती मिळाली पाहिजे. ही सवय लावून घेतलेल्या शिक्षकाचं सगळंच शिकवणं सुधारतं, असा माझा अनुभव आहे.

शेवटी साठवणुकीबद्दल. गुगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा जगभरच्या शिक्षकांच्या हातात रुळला होता. सप्टेंबर 2023 मध्ये कंपनीनं तो बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि 31 डिसेंबर 2024 ला तो बंद झाला. ज्यांनी आधी आपले फळे बाहेर काढून ठेवले नव्हते त्यांच्या हाती फार तर पीडीएफ उरली, आणि पीडीएफमधली चौकट हलवता येत नाही. फुकटचं साधन कधीही बंद होऊ शकतं. म्हणून प्रत्येक चांगल्या फळ्याच्या दोन प्रती ठेवाव्यात. एक पाहण्यासाठी पीडीएफ, दुसरी पुन्हा बदलता येईल अशी मूळ फाइल. ड्रॉ डॉट आयओची फाइल साध्या मजकुराच्या रूपात असते, तिला जागा लागत नाही. बिगब्लूबटन आणि मूडल मुक्त स्रोत आहेत, संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालतात, त्यामुळे तिथे निदान कुलूप आणि किल्ली आपल्याच हाती राहते. जिल्ह्यातल्या शिक्षणसंस्थांनी साधन ठरवताना चकचकीतपणाआधी ही गोष्ट पाहावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक काम या आठवड्यासाठी. तुमच्या विषयातला, कृतिपत्रिकेत येतो तसा एक पुरा केलेला ओघतक्ता घ्या आणि तो मुलांना दाखवू नका. त्यातले शब्द फक्त फळ्यावर विखरून टाका, चौकटी आणि बाण एकही नको. खडू मुलांच्या हाती द्या, पंधरा मिनिटं थांबा आणि जे निघेल त्याची मूळ फाइल जपून ठेवा. मूल्यमापनाचा विषय पुढच्या आठवड्यात आहे. मुलांनी स्वतः काढलेल्या आकृतीला गुण कसे द्यायचे, ते तिथे पाहू, आणि त्या वेळी ही फाइल तुमच्याजवळ लागेल.